प्रश्नसमितीत जाण्याआधी रविवारचा क्लास बंद करा

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार-पाच वर्षं काढली की आपल्या क्षेत्रातल्या व्यावसायिक संस्थेतलं कुणीतरी म्हणतंच, 'आमच्या संस्थेत ये, एखाद्या समितीत काम कर, ओळखी वाढतील.' मलाही ऑफिसातल्या एका सिनियरने असंच ओढलं. ओळखी वाढल्या, नाही असं नाही. पण पहिल्याच वर्षी मी जी माती खाल्ली ती अजून दाताखाली येते, म्हणून हे लिहितेय.

वर्गणी, सदस्यत्व, वार्षिक सभा वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरते. सॉफ्टवेअर क्वालिटीच्या संस्थेत सह्या कार्यकारिणी करते, राबतात त्या समित्या. आणि पगार कुणालाच नसतो.

नवीन असाल तर कार्यक्रम समितीत जा. हॉल ठरवणं, प्रोजेक्टर चालतोय का बघणं, वक्ता विमानतळावर अडकला की आयत्या वेळी दुसरा उभा करणं. हलकं काम वाटतं, पण सहा महिन्यांत कोण नुसतं बोलतं आणि कोण करतं ते कळतं. हिशेबाकडे आयटीवाले फिरकत नाहीत, तिथे मात्र खरं शिक्षण आहे. आमची संस्था न्यास म्हणून नोंदलेली, त्यामुळे कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज जायला हवा. हे मला रिलीज मॅनेजमेंटपेक्षा, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढण्यापेक्षा, अवघड वाटलं.

मानकांच्या कामाचं आकर्षण अनेकांना असतं. सॉफ्टवेअरच्या मानकांवर भारताचं मत भारतीय मानक ब्युरोच्या एलआयटीडी 14 या समितीतून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेकडे जातं, आणि आमच्यासारखे गट मसुदा वाचून टिपण्या पाठवतात. एक सांगून ठेवते: टिपण्यांच्या तक्त्यात 'सुचवलेला बदल' असा एक रकाना असतो. 'हे वाक्य संदिग्ध आहे' एवढंच लिहून तो कोरा सोडलात तर तुमची टिपणी बाजूला पडली म्हणून समजा. शब्दांवर तासन्‌तास भांडतात म्हणून हसू नका. आयएसओ 25010 या सॉफ्टवेअर गुणवत्तेच्या मानकात 2011 साली गुणवत्तेची 8 वैशिष्ट्यं होती, 2023 मध्ये 9 झाली. सेफ्टी नव्याने आली आणि 'युजेबिलिटी'ची 'इंटरॅक्शन केपेबिलिटी' झाली. ही भांडणाचीच कमाई.

आता माझी गोष्ट.

मी रविवारी कोथरूडला मैत्रिणीच्या फ्लॅटवर अकरा जणांचा क्लास घ्यायचे, टेस्टिंगच्या सर्टिफिकेशनच्या तयारीचा. पैसे नाममात्र. त्याच सुमारास मला संस्थेच्या त्याच परीक्षेच्या प्रश्नसमितीत, म्हणजे प्रश्न लिहिणाऱ्या समितीत, घेतलं. सोबत एक घोषणापत्र आलं, हितसंबंधांचं: या कामाशी आपला दुसरा कुठला संबंध अडकलाय का ते सांगायचं. मी खाली स्क्रोल केलं, टिक केलं, पाठवलं. रोज दुसऱ्यांचे डिफेक्ट काढणाऱ्या बाईने स्वतःची सही न वाचता केली!

एकेक प्रश्न लिहायला माझी अख्खी संध्याकाळ जायची. चुकीचे पर्याय खरे वाटले पाहिजेत, 'वरीलपैकी सर्व' चालत नाही, प्रश्न नुसती आठवण तपासतोय की समज, तेही लिहायचं. मग दोघं परीक्षक त्याची सालं काढणार. अशा घाईत क्लाससाठी आधी लिहिलेला एक प्रश्न मी थोडा फिरवून समितीला दिला. फक्त एक. चार महिन्यांनी एका परीक्षकाच्या टीममधल्या मुलीकडे माझ्या क्लासची वही निघाली, आणि तिच्यात तोच प्रश्न.

नीट ऐका, कारण इथे 'मी पेपर फोडला नाही ना' असं मन समजूत घालतं. प्रश्न फुटला की नाही, हा मुद्दाच नाही. प्रश्नपेढीत काय आहे हे ज्याला माहीत आहे त्याने त्याच परीक्षेसाठी शिकवायचं नसतं. तो मुद्दाम काही सांगत नसला तरी फळ्यावर कुठे जास्त वेळ घालवायचा हे त्याचा हातच ठरवतो. माझाही ठरवत होता, हे मला नंतर जुन्या वह्या चाळताना दिसलं. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ 17024 हे मानक आहे, त्यातही शिकवणं आणि प्रमाणपत्र देणं एकाच घरात असणं हा निःपक्षपातीपणाला धोका मानलाय. मी क्वालिटीवाली, आणि मला ते माहीत नव्हतं.

माझे चौदाही प्रश्न काढून टाकले. परीक्षकांची दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. कुणी आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त लागलं. ज्यांनी मला ओढलं होतं ते 'अगं, सगळेच करतात' म्हणाले. मेंटॉर निवडताना हे वाक्य लक्षात ठेवा; जो असं म्हणतो त्याच्या शिफारशीने कुठेही जाऊ नका. डम्प, म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न, वाटणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेशनच्या फाउंडेशन या पहिल्या पातळीला पास व्हायला 40 पैकी 26 लागतात, आणि परीक्षेची भाषा आपली मातृभाषा नसेल तर 60 मिनिटांची 75 होतात. त्यासाठी चोरीचे प्रश्न पाठ करायचे?

पण घाबरू नका. क्लास किंवा प्रश्नसमिती, दोनपैकी एक निवडा, घोषणापत्रात सगळं लिहा. 'क्लास घेते' असं मी लिहिलं असतं तर मला फार तर दुसऱ्या समितीत पाठवलं असतं. पुढे तसंच झालं. मी परिषदेच्या समितीत निबंध तपासायला लागले, आणि पहिल्याच खेपेला ओळखीच्या सहकाऱ्याचा निबंध आला तेव्हा 'हा मला नको' असा मेल टाकला. उत्तर दोन मिनिटांत आलं: 'बरं.' इतकं सोपं होतं ते.

क्लास मी पुढे चालू ठेवला. त्या अकरांपैकी एक जण आता प्रश्नसमितीत आहे. कधी भेटलो आणि मी सिलॅबसचा विषय काढला की तो 'ताई, चहा सांगू का?' म्हणतो, आणि चहा येईपर्यंत ट्रॅफिकबद्दल बोलत राहतो.