जुन्या आवृत्तीचं पान पुसू नका

मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रोने अंधेरी, असा माझा रोजचा प्रवास. नोकरी सांभाळून एका छोट्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टची डॉक्स, म्हणजे वापरायची माहिती देणारी पानं, मी गेली काही वर्षं बघतो. कोड लिहिणारे होते, डॉक्सकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून मी ते काम मागून घेतलं. ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्यांनाही मी सांगतो, सुरुवात इथून करा.

आमची डॉक्स आधी एकच होती, ताज्या कोडची. 2.0 ही आवृत्ती काढताना कमांडमधल्या एका ऑप्शनचं नाव बदललं, पानही त्याच दिवशी बदललं. पंधरा दिवसांत उपनगरातल्या एका कॉलेजच्या विद्यार्थिनीने इश्यू (तक्रारीची नोंद) टाकला: ‘पानावर आहे तसंच टाइप केलं, तरी एरर येते.’ स्क्रीनशॉटमध्ये तीच कमांड तीनदा दिसत होती, तिसऱ्यांदा तर अवतरणचिन्हं बदलून. लॅबच्या मशीनवर 1.4 होती आणि अपडेट करायची परवानगी विद्यार्थ्यांना नव्हती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्याकडच्या आवृत्तीचं पान आम्हीच काढून टाकलं होतं. गाड्या जुन्याच वेळेला सुटताहेत आणि स्टेशनवर टाइमटेबल मात्र नवं, अशी तिची अवस्था झाली. ते मला फार लागलं.

आम्ही एमकेडॉक्स (साध्या मजकुरातून डॉक्सची साइट बनवणारं टूल) आणि त्यावर मटेरियल थीम वापरतो. आवृत्त्यांसाठी माइक नावाचं टूल घेतलं. ते प्रत्येक आवृत्तीची तयार एचटीएमएल पानं जीएच-पेजेस ब्रँचवर (रिपॉझिटरीच्या ज्या शाखेवरून गिटहब साइट दाखवतं तिच्यावर) स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवतं आणि आधीच्या फोल्डरांना हात लावत नाही. आवृत्त्यांची यादी एका जेसन फाइलमध्ये असते; थीम ती वाचून वर ड्रॉपडाउन दाखवते. फोल्डर 1.4, 2.0 असे दोन आकडीच ठेवा. पॅच रिलीजमध्ये (1.4.1सारख्या) फक्त दुरुस्त्या असतात, त्यासाठी वेगळी डॉक्स लागत नाहीत.

‘लेटेस्ट’ म्हणजे काय, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवा. रीड द डॉक्स या डॉक्स होस्ट करणाऱ्या सेवेवर लेटेस्ट म्हणजे मुख्य ब्रँचची डॉक्स, आणि शेवटच्या रिलीजला तिथे स्टेबल म्हणतात. माइक वापरणारे बहुतेक जण लेटेस्ट हे नाव ताज्या रिलीजलाच देतात. आम्हीही तेच केलं आणि चालू कामाला ‘डेव्ह’ म्हटलं.

गिटहब अॅक्शन्सवर (गिटहबच्या स्वयंचलित कामांच्या सोयीवर) डिप्लॉय करताना, म्हणजे पानं साइटवर चढवताना, माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. कोड आणणारी चेकआउटची पायरी मुळात एकच कमिट (बदलाची नोंद) आणते. माइकला जीएच-पेजेसचा इतिहास दिसत नाही, ते नवी ब्रँच सुरू करतं आणि पुश (बदल गिटहबवर पाठवणं) नाकारला जातो. त्या पायरीत फेच-डेप्थ (किती कमिट आणायचे तो आकडा) शून्य ठेवलं की पूर्ण इतिहास येतो. हे आधीच करून ठेवा.

1.4ची डॉक्स जुन्या टॅगवरून (त्या रिलीजच्या कोडवरच्या खुणेवरून) पुन्हा बांधली, तेव्हा एक मोठी गोष्ट कळली. जुनं फोल्डर आपोआप नव्याने बांधलं जात नाही, म्हणून ‘ही आवृत्ती जुनी आहे’ ही पट्टी त्याच्या टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) आधीपासूनच असावी लागते. मटेरियलमध्ये ती ओव्हरराइड्स फोल्डरातल्या मुख्य टेम्प्लेटमध्ये ‘आउटडेटेड’ ब्लॉकमध्ये लिहितात. मी टॅगवरून 1.4ची ब्रँच काढली, पट्टी घातली आणि तेवढंच फोल्डर पुन्हा डिप्लॉय केलं. पट्टीच्या मजकुरावर मी बराच वेळ घालवला. ‘कृपया अपडेट करा’ असं लॅबमधल्या मुलीला सांगून काय उपयोग? शेवटी ठेवलं: ‘हे पान जुन्या आवृत्तीचं आहे. तुमच्याकडे तीच असेल तर पुढे वाचा. नवी असेल तर ताजं पान इथे आहे.’

‘हे पान सुधारा’ ही लिंकसुद्धा बघा. आमच्याकडे ती 1.4च्या पानावरूनही मुख्य ब्रँचकडे नेत होती. तिथे केलेली दुरुस्ती जुन्या वाचकापर्यंत पोचलीच नसती. 1.4च्या ब्रँचमध्ये तो पत्ता बदलावा लागला.

पहिलं योगदान म्हणून इन्स्टॉलेशनचं पान घ्या. नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (मशीनवरच्या बाकीच्या गोष्टींपासून वेगळ्या जागेत) जुनी आवृत्ती टाका आणि पानावरची प्रत्येक कमांड कॉपी न करता स्वतः टाइप करा. मी 1.4चं पान असं तपासलं, तेव्हा चौथीच कमांड अडली: आधी एक फोल्डर बनवावं लागतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या एका ओळीची दुरुस्ती दोन्ही ब्रँचवर टाकली आणि त्या विद्यार्थिनीच्या इश्यूखाली 1.4च्या पानाची लिंक दिली.