तंबोरा पलीकडे ऐकूच जात नाही? घरच्या रियाजात आणि ऐकण्यात या चुका टाळा

माझा दिवस प्रयोगशाळेत पातळ थरांचा विद्युतरोध मोजण्यात जातो आणि संध्याकाळ गाण्यात. डोकेदुखी दोन्हीकडे एकच असते: हवा तो संकेत कुठे हरवला आणि नको तो कुठून शिरला, हे शोधायचं. म्हणून ओळखीतले लोक गाण्याच्या वस्तूंच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात. कोल्हापुरात अशा तक्रारींना तोटा नाही. शाहू महाराजांनी जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना दरबारगायक म्हणून इथं आणलं. देवल क्लब ही इथली संगीतसंस्था त्याही आधीची, 1883 सालची. पिढ्यान्‌पिढ्या गाणं शिकणारी घरं पेठांमध्ये आजही आहेत. फक्त आता त्या घरांत तंबोऱ्याशेजारी मोबाईल, ब्लूटूथ आणि छोटा ॲम्प्लिफायर येऊन बसलाय.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "नवा माइक कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी काही घेऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा आणि ऐका. दोष कुठल्या कडीत आहे हे कळल्याशिवाय केलेली खरेदी दहातल्या आठ वेळा फुकट जाते, असं माझं ठाम मत आहे.

ॲपला तंबोरा म्हणजे पंखा वाटतो

राजारामपुरीतली एक शाळकरी मुलगी पुण्यातल्या गुरुजींकडे ऑनलाइन शिकते. गुरुजी दर वेळी म्हणायचे, "तंबोरा लाव गं आधी." तंबोऱ्याचं यंत्र तिच्या गुडघ्याशी मोठ्या आवाजात चालू असायचं. आईनं यंत्राचा आवाज आणखी वाढवला, फोन जवळ आणला, शेवटी यंत्रच बिघडलंय म्हणून दुकानात नेलं. यंत्रात काहीच बिघाड नव्हता.

व्हिडिओ कॉलची ॲप्स बोलण्यासाठी बनवलेली आहेत. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मिक्सर, आणि सारखा बदलणारा आवाज म्हणजे माणसाचं बोलणं, अशा ठोकताळ्यावर त्यांची गोंगाट कमी करणारी यंत्रणा चालते. तंबोऱ्याचं सगळं मोल तर तो न बदलता वाजत राहण्यात आहे. साहजिकच ॲप त्याला पंखा समजून पुसून टाकतं. हीच गत लांबवलेल्या षड्जाची, म्हणजे 'सा'ची होते. विद्यार्थी खर्ज लावून बसतो, पहिले काही क्षण आवाज पोचतो आणि मग विरत जातो. गुरूला वाटतं, याचा दमच टिकत नाही. एखाद्या मुलाच्या गळ्याबद्दल चुकीचं मत होणं ही काही लहान गोष्ट नाही, म्हणून ही चूक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय चालू करा. पण तेवढ्यानं भागत नाही. मीटिंग सुरू झाल्यावर पडद्यावरचं त्याचं बटणही दाबावं लागतं, आणि बरेच जण नेमके तिथेच अडकतात. गूगल मीटमध्ये 'नॉइज कॅन्सलेशन' बंद करा. आयफोनवर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमधल्या माइक मोडमध्ये जाऊन 'व्हॉइस आयसोलेशन'ऐवजी 'वाइड स्पेक्ट्रम' निवडा. मग समोरच्याला रेकॉर्डिंग सुरू करायला सांगून पंधरा सेकंद नुसता षड्ज लावा. शेवटी तो सुरुवातीइतकाच भरलेला ऐकू आला, की काम झालं.

ब्लूटूथवर क्लास

गाणी ऐकताना झकास वाटणारा ब्लूटूथ हेडफोन क्लासला बसलं की डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा होतो. हेडफोनचा माइक वापरायला लागलात की तो गाण्याची पद्धत सोडून फोनवरच्या बोलण्याच्या पद्धतीवर जातो, आवाज एकेरी होतो आणि वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे त्याच्या पटीतले बारीक स्वर, कापले जातात. साधा वायरचा इअरफोन लावा, प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट उशिराची. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे पडतो. नुसतं ऐकायला किंवा ठेक्यावर गायला यानं बिघडत नाही, कारण तुम्ही कानावर पडणाऱ्या ठेक्यालाच धरून गाता. बिघडतं ते रेकॉर्ड करताना. मिनिटाला 120 मात्रांच्या तीनतालात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. 200 मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. मग रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकलेली ऐकू येते आणि बिचारा गाणारा स्वतःलाच दोष देत बसतो.

घुमणारा स्पीकर आणि कापलेली पिन

"मॅडम, ती मोठी पिन तेवढी काढून टाका, घुमायचं थांबतंय बघा." साउंडवाल्याच्या तोंडून हा सल्ला मी ऐकलाय, आणि तो मानलेली घरंही पाहिली आहेत. तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पिन अर्थिंगची असते. ती काढली की घूं आवाज कधीकधी खरंच थांबतो. पण उद्या ॲम्प्लिफायरच्या आत एखादी वायर सुटून धातूच्या डब्याला टेकली, तर ती वीज जमिनीत जाण्याऐवजी डब्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. रियाजाला अनवाणी, फरशीवर बसायची आपली पद्धत. ही पिन कधीही कापू नका. कापलेली असेल तर आजच प्लग बदलून घ्या.

आता घुमण्याचं खरं कारण कसं शोधायचं ते पाहू. ॲम्प्लिफायरला येणारी आवाजाची वायर काढा. घुमणं थांबलं तर दोष बाहेर आहे. वायर काढून, व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही घुमत असेल तर दोष आत आहे, आणि तो बहुधा पॉवर सप्लायमधल्या जुन्या कपॅसिटरचा. फोनवर फायफॉक्स (phyphox) हे मोफत ॲप घेतलं तर आवाजाचा वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारितेचा आवाज किती आहे याचा आलेख, दिसतो. आपली वीज 50 हर्ट्झची. सर्वांत उंच शिखर 50 वर असेल तर संशय अर्थिंगच्या फेऱ्यावर घ्यायचा. 100 वर असेल तर कपॅसिटरवर, कारण आतला रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारा भाग, 50 ची दुप्पट करतो. हे पक्कं निदान नव्हे, पण दुरुस्तीला नेण्यापूर्वी एवढं हाती असलेलं बरं.

अर्थिंगचा फेरा म्हणजे लॅपटॉप एका सॉकेटला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला, आणि दोघांना जोडणारी आवाजाची वायर. दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये किंचित जरी फरक असला तरी त्या वायरीतून प्रवाह फिरतो आणि तोच स्पीकरमधून घुमतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर आवाजाच्या वायरीत मध्ये बसणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहणं ही तर फुकटातली चाचणी आहे.

पेठांमधल्या जुन्या घरांत अर्थिंग असतंच असं नाही. जिथे असतं तिथेही मे महिन्यात जमीन वाळली की ते कमजोर पडतं. उन्हाळ्यात लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील आणि पाऊस पडल्यावर त्या थांबत असतील, तर गाण्याचं राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

पावसाळ्याची वेगळीच कथा. लाईट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि स्पीकर करकरायला लागला, असं होत असेल तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याच्या विजेत 50 बरोबर 150, 250, 350 हर्ट्झचे अंशही मिसळलेले असतात आणि तेच कानाला बोचतात. साइन वेव्हचा इन्व्हर्टर हा खरा उपाय. तो येईपर्यंत लाईट नसताना बॅटरीवरचं यंत्र वापरा.

हे सगळं एवढं बारकाईनं का सांगते? काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या बाईच्या तंबोऱ्याचा खर्ज षड्ज साधारण 103.8 हर्ट्झवर असतो. शेजारी 100 हर्ट्झची गुणगुण चालू असली तर दोन्ही मिळून आवाज सेकंदाला जवळजवळ चार वेळा कमी-जास्त होतो. तार लावणाऱ्याला तीच बेसूर वाटते, आणि ती उतरव-चढव करण्यात संध्याकाळ जाते. तार बरोबर असते, ॲम्प्लिफायर चूक असतो.

ट्यूनरचा हिरवा दिवा

फोनवरच्या ट्यूनर ॲपनं सगळ्या तारा लावणं ही अलीकडची चूक. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार मात्र 5:4 या प्रमाणातला असतो, ट्यूनरच्या गंधारापेक्षा 14 सेंट खाली. सेंट म्हणजे त्या बाराव्या भागाचा शंभरावा हिस्सा. ट्यूनर त्या गंधाराला उतरलेला म्हणेल, आणि मूल हिरवा दिवा लागेपर्यंत गळा चढवत राहील. पंचमात फरक दोनच सेंटचा, त्यामुळे तिथे हे लक्षात येत नाही.

खर्जाच्या तारेवर तर ट्यूनर गोंधळतोच. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उताराची असते, तार तिला हलकेच घासत राहते आणि वरचे स्वरांश सतत पोसले जातात. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर लिहिलं. तार जिथे छेडल्यावर एखादा स्वरांश उमटायलाच नको, तिथेही तो या घोडीमुळे ऐकू येतो, ही त्यांनी नोंदवलेली गोष्ट मला अजूनही थक्क करते. आपल्या इथून तासा-दीड तासावर मिरजेत कारागीर घोडीचा हा उतार घासून जुळवतात, त्याला जवारी काढणं म्हणतात, आणि ती ते नुसत्या कानानं काढतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

ट्यूनरवर जोडीची, म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन तारांपैकी, एकच तार लावा. हळू छेडा, कारण जोरात छेडली की तार पहिल्या क्षणी चढलेली दाखवते. बाकीच्या तारा कानानं मिळवा.

काम करताना कान झाकणं

प्रयोगशाळेत हवा काढून निर्वात करणारा रोटरी पंप तासन्‌तास घरघरतो. त्याच्यावर मात करायला तरुण मंडळी इअरफोनचा आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेनं घालून दिलेली मर्यादा अशी: 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास, 90 असेल तर चार तास, 100 असेल तर वीस मिनिटं.

पण यंत्राजवळ कान पूर्ण झाकण्याविरुद्ध माझं कारण दुसरंही आहे. पंपाचा सूर बदलतो, तो बिघाडाचा पहिला इशारा असतो. मीटरवर आकडा हलण्याआधी कानाला कळतं की कुठेतरी हवा शिरतेय. गाणं हवंच असेल तर टेबलाच्या कोपऱ्यात छोटा स्पीकर, हळू आवाजात. नमुने धुताना, काचा पुसताना विलंबित ख्याल छान सोबत करतो. लिहायला बसले की मात्र मी सगळं बंद करते, कारण चांगली बंदिश चालू असताना शब्द माझ्याकडे येत नाहीत.

जुन्या कॅसेट घाईनं फोनमध्ये उतरवणं

घरगुती मैफलींच्या कॅसेट आता लोक स्वतःच डिजिटल करू लागलेत, हे फार चांगलं आहे. पण टेपच्या वेगाकडे कुणी बघत नाही. कॅसेटचा वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर ठरलेला आहे. जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झाला की तो मंदावतो आणि डळमळतो. वेग सहा टक्क्यांनी कमी पडला तर काळी चारचा षड्ज पांढरी पाचवर ऐकू येतो. 1977 साली गायिका केसरबाई केरकरांची भैरवी नासाच्या व्हॉयेजर यानांच्या तबकडीवर अंतराळात पाठवली, तेव्हा तबकडीच्या आवरणावर ती किती वेगानं फिरवायची हे हायड्रोजनच्या अणूवरून घेतलेल्या मापात कोरून ठेवलं होतं: एका फेऱ्याला 3.6 सेकंद. वेग कळला नाही तर गाणं कळणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

घरी वेग तपासायला एक युक्ती आहे. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये तेव्हाच्या विजेची गुणगुण बहुधा उतरलेली असते. गाणं थांबलेल्या जागेचा वर्णपट काढा. ती 50 ऐवजी 53 हर्ट्झवर दिसली, तर टेप साधारण सहा टक्के जास्त वेगात आहे. टेप थांबवूनही तेच शिखर दिसत असेल तर ती गुणगुण आजच्या टेपरेकॉर्डरची, तिच्यावर विसंबू नका. त्या काळी विजेची वारंवारिता आजच्याइतकी स्थिर नव्हती, म्हणून दोन-तीन टक्क्यांचा फरक सोडूनच द्यावा. कुणाला गायकाची पट्टी पक्की आठवत असेल तर तो पुरावा यापेक्षा मोलाचा.

उतरवण्याआधी टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा आणि फाइल एमपीथ्रीऐवजी वेव्ह (WAV) स्वरूपात ठेवा. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर एलपीची सुई लावू नका. ती त्या रुंद खोबणीच्या तळाशी घासत जाते, त्यांना त्यांचीच जाड सुई लागते.

आपल्याकडच्या पावसात कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट 'एकदा लावून तर बघू' म्हणून चालवू नका. बुरशी हेडवर येते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती इतरांपासून वेगळी काढा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवून आधी पूर्ण सुकू द्या. मग फीत कोरड्या मऊ कापडानं हलकेच पुसून घेतल्यावरच, चांगल्या टेपरेकॉर्डरवर नव्हे तर एखाद्या जुन्यावर, एकदाच वाजवून उतरवून घ्या.