डिझेलमिश्रित पाण्यावर क्लोरेलाचा प्रयोग

क्लोरेला हे एकपेशीय हिरवे शेवाळ पाण्यातले डिझेल कमी करते का, हे पाहण्याचा हा प्रयोग. २५० मिलिच्या शंकूपात्रात १०० मिलि बीजी-११ (शेवाळ वाढवण्याचे पोषक द्रावण) घ्या. त्यात क्लोरेला व्हल्गारिसचे गडद हिरवे विरजण (आधीच वाढवलेले जिवंत शेवाळ) १० मिलि आणि डिझेल अर्धा मिलि घाला. सुरुवातीलाच जास्त डिझेल ओतू नका. पेशी पिवळ्या पडून तळाशी बसतात. तोंडाला कापसाचा बोळा, तापमान २५ ते २८ अंश, रोज १२ तास ट्यूबलाइट. दिवसातून दोन-तीनदा पात्र हलवा, नाहीतर वरचा तवंग हवा अडवतो.

खरी गफलत मोजणीत होते. डिझेलचा हलका भाग आपोआप उडून जातो आणि श्रेय शेवाळाला मिळते! म्हणून शेवाळाविना एक पात्र आणि उकळून मारलेल्या शेवाळाचे एक पात्र सोबत ठेवाच. मेलेल्या पेशींनाही तेल चिकटते, हे दुसऱ्या पात्रातून कळते.

१४ दिवसांनी पेशींसकट अख्खे पात्र हेक्झेनने (तेल विरघळवणाऱ्या द्रावकाने) धुऊन काढा. फक्त वरचे पाणी घेतले तर काचेला लागलेले तेल हिशेबातून सुटते. हेक्झेन धूरपेटीतच (वाफा बाहेर खेचणाऱ्या प्रयोगशाळेतील कपाटातच) उडवा, जवळ ज्योत नको. उरलेले तेल तोला.

विरजणात जिवाणू असतील तर हरकत नाही. डिझेलमधले हायड्रोकार्बन (कार्बन-हायड्रोजनची संयुगे) तोडण्याचे बरेचसे काम तेच करतात, शेवाळ त्यांना प्राणवायू पुरवते.