गुलाबी बोंडअळी: बोंड फोडून पाहणी कशी करावी

कपाशीत गुलाबी बोंडअळी आहे की नाही, हे धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून कळत नाही. शेजाऱ्याने फवारणीचा पंप काढला की आपणही काढायचा, ही रीत मला अजिबात पटत नाही. खरिपात गावोगाव कीड सर्वेक्षणाचं काम करताना मी हे फार पाहिलं आहे. आठवड्यातून एकदा, ऊन चढायच्या आत शेतात शिरा आणि किडीचा आकडा काढा.

पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. आतली ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, गुलाबी बोंडअळीचीच आहे का, ते पाकिटावर वाचून घ्या. अमेरिकन बोंडअळीची ल्यूर बसवली तर सापळा रिकामा राहतो आणि शेतकरी निर्धास्त होतो. तंबाखू मळलेल्या हाताने ल्यूर धरू नका. तीन आठवड्यांनी ती बदला. पतंग रोज मोजून काढून टाका. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग आले की धोक्याची पातळी गाठली. एक लक्षात ठेवा, सापळ्यात फक्त नर येतात. एवढ्या दोन सापळ्यांनी कीड आटोक्यात येत नाही, ते फक्त खबर देतात.

फुलं लागली की डोमकळ्या शोधा: पाकळ्या आतून जाळ्याने चिकटलेल्या, धड न उमललेलं फूल. दिसेल ती तोडा आणि शेताबाहेर नेऊन नष्ट करा.

आता बोंडं. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, आणि सर्वात जास्त चुकीचा सल्लाही इथेच मिळतो. ‘बोंडाला भोक नाही, म्हणजे अळी नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अमेरिकन बोंडअळी बाहेरून मोठं भोक पाडते, विष्ठा दिसते. गुलाबीचं तसं नाही. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढ्या छिद्रातून आत जाते आणि बोंड वाढताना ते छिद्र बुजतं. वरून बोंड हिरवंगार, तुकतुकीत. तुम्हाला गोल, स्वच्छ कडेचं छिद्र दिसलं, तर बहुतेक वेळा अळी आपलं काम आटोपून बाहेर पडलेली असते.

म्हणून बोंड फोडायचंच. एकरात नागमोडी चालत २० झाडं घ्या, प्रत्येकाचं एक हिरवं बोंड. धुऱ्याकडची तासं (ओळी) सोडा. वाईट दिसणारं बोंड मुद्दाम निवडू नका, चांगलं दिसतं म्हणून टाळूही नका. हात जाईल ते घ्या. बोंड साधारण १५ ते २० दिवसांचं हवं, अंगठ्याने दाबलं तर किंचित दबणारं. टणक झालेल्या बोंडाने फार उशिराची बातमी मिळते.

फोडल्यावर गुलाबी रंग शोधत बसू नका. कोवळी अळी पांढुरकी असते, डोकं तेवढं काळपट. गुलाबी रंग मोठी झाल्यावर चढतो. आधी सालीची आतली बाजू बघा: अळी शिरली तिथे फोडासारखी बारीक गाठ उठते. मग कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे का ते बघा, आणि शेवटी ओल्या रुईचे पुंजके वेगळे करून सरकी तपासा. घाईत रुई नुसती उलटवली तर अळी हमखास नजरेतून सुटते. २० पैकी २ बोंडांत अळी किंवा ताजं नुकसान दिसलं, की १० टक्के, म्हणजे धोक्याची पातळी. फवारणीचा निर्णय इथे घ्यायचा, कृषी केंद्राच्या काउंटरवर नाही.

आत शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. फवारणी वाचवते ती पुढची बोंडं. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क, पातळी ओलांडल्यावर शिफारशीतलं एकच कीटकनाशक, लेबलवरच्या मात्रेत. नोव्हेंबरआधी पायरेथ्रॉइड गटातलं औषध मारू नका, पांढरी माशी उसळते. दोन-तीन औषधं एका पंपात मिसळायला सांगणाऱ्या दुकानदाराचं तर मुळीच ऐकू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्यावर गेलेल्या पऱ्हाटीत (कपाशीच्या झाडांत) वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे घाला, आणि मजुरालाही ते द्या.

डिसेंबरअखेर वेचणी संपवा. फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे चालवू नका, पाणी मिळालं तरी नाही. पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचून ठेवली तर न फुटलेल्या बोंडांत, दोन जोडलेल्या सरक्यांमध्ये अळी सुप्त बसते आणि पुढच्या हंगामाला तिथूनच पतंग निघतात. ढीग घालू नका, कुट्टी करून शेतातच गाडा.