३ दिवसांत ६० मैल: सॅन डिएगोच्या कोमेन वॉकची तयारी कशी करायची

अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरसाठी वॉक म्हटलं की बऱ्याच जणांना ऑक्टोबरमधली एखादी सकाळ, गुलाबी टीशर्ट, तास-दीड तास चालणं आणि फोटो एवढंच वाटतं. सुसान जी. कोमेन या संस्थेचा थ्री-डे वॉक म्हणजे तसलं प्रकरण नाही. शुक्रवार ते रविवार रोज साधारण २० मैल, एकूण ६० म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर, सॅन डिएगोला नोव्हेंबरात. आणि पैसे गोळा करायचे ते वेगळेच.

नाव लवकर नोंदवा, एकटे किंवा टीम करून. मोठ्या माणसाला किमान २,३०० डॉलर जमवावे लागतात असा नियम बरीच वर्षं चालत आलाय, तरी त्या वर्षीचे नियम साइटवर बघून घ्या. रजिस्ट्रेशन फी यात धरत नाहीत.

आपलं घोडं अडतं ते इथेच. चालायला कोणी घाबरत नाही, मागायला लाजतात! "जमेल तेवढं द्या" असं ग्रुपवर टाकलं तर पन्नास अंगठे येतात आणि पैसे शून्य. एकेकाला वेगळा मेसेज करा, आकडा सांगा, लिंक द्या: "काकू, मी नोव्हेंबरात ३ दिवसांत ६० मैल चालतेय, ब्रेस्ट कॅन्सरच्या रिसर्चसाठी आणि पेशंटच्या मदतीसाठी, तुमच्याकडून ५० डॉलर धरू का?" कोमेन कोण असं कोणीतरी विचारणारच, तर सांगायचं की सुसान १९८० मध्ये ३६ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सरने गेली आणि तिच्या बहिणीने, नॅन्सी ब्रिंकरने, १९८२ मध्ये तिच्या नावाने ही संस्था काढली. पैसे देणाऱ्याच्या कंपनीत मॅचिंग आहे का तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी कंपनी तेवढेच पैसे वरून घालते आणि लोकांना ते माहीतच नसतं. दिवाळी जवळ असते म्हणून चकली-चिवड्याचे डबे विकायची आयडिया मस्त चालते. भारतातल्या नातेवाईकांना मात्र आधीच सांगा, यावर इन्कम टॅक्समधली ८०जीची सूट मिळत नाही.

चालायची प्रॅक्टिस पाच-सहा महिने आधी सुरू करा. शनिवारी लांब चाललात तर रविवारी परत बाहेर पडायचंच, कारण खरी परीक्षा दमलेल्या पायांची असते, एका दिवसात १५ मैल तर कोणीही मारतं. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, पाय सुजतात. आणि ते महिनाभर तरी वापरलेले हवेत, नवे कोरे घालून गेलात तर संपलंच.

मोजे कॉटनचे अजिबात नकोत. घाम त्यातच मुरतो, ओली कातडी घासली जाते आणि फोड येतो. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, बोटांमध्ये व्हॅसलीन लावा, दुपारी जोडी बदला. टाचेला किंवा करंगळीला नुसतं गरम वाटलं की तिथल्या तिथे थांबून टेप लावायची, "पुढच्या स्टॉपला बघू" म्हणत मैलभर गेलात की फोड आलाच म्हणून समजा. नखं चार दिवस आधी सरळ कापा.

नुसतं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं मीठ कमी होऊन चक्कर येते. वाटेत स्टॉपवर ड्रिंक्स, खारं काहीतरी मिळतं. पण मी म्हणेन खिशात शेंगदाणे आणि लिंबू-मीठ-साखरेची पूड ठेवाच. पहिल्या दिवशी टॉरी पाइन्सचा चढ लागतो तिथे घाई नको, आणि नाहीच झेपलं तर स्वीप व्हॅनला, म्हणजे दमलेल्यांना उचलून नेणाऱ्या गाडीला, हात करा, ती असते कशाला?

रात्री गुलाबी तंबूत दोघींनी झोपायचं. सॅन डिएगो म्हणून स्वेटर घरी ठेवू नका, नोव्हेंबरात रात्री गारठा असतो आणि दव इतकं पडतं की बाहेर ठेवलेलं सगळं सकाळी ओलं. प्रत्येक दिवसाचे कपडे वेगळ्या झिपलॉकमध्ये भरा. कानात घालायचे बोळे न्या, आजूबाजूचे तंबू घोरतात.

आणि हो, सोमवारची सुट्टी आत्ताच टाकून ठेवा.