जर्मनीतला जमीनदारी वाडा कसा पाहावा

ब्रांडेनबुर्ग किंवा मेक्लेनबुर्गच्या खेड्यात जुना जमीनदारी वाडा, म्हणजे गुट्सहाउस, पाहायला गेलात तर फोटोची घाई करू नका. आधी पायऱ्यांवर वाड्याकडे पाठ करून उभे राहा. समोर गोल हिरवळ, दोन्ही बाजूंना तबेले नि धान्याची कोठारं, पलीकडे लिंडेनच्या झाडांतून सरळ जाणारा रस्ता. सगळं अंगण मालकाच्या नजरेखाली. शेतीचा कारभार हाकायला बांधलेलं घर आहे हे. इथे राबणारे बरेचसे भूदास, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेले शेतकरी होते. ती पद्धत प्रशियाच्या राज्यात (ब्रांडेनबुर्ग त्यातच होतं) १८०७ च्या फर्मानाने मोडीत निघाली, मेक्लेनबुर्गमध्ये १८२० मध्ये.

आता वळा आणि खिडक्यांच्या उभ्या रांगा मोजा. सात, नऊ, अकरा अशा त्या बहुधा विषम भरतात, कारण मधली रांग दाराची. दोन उतारांचं मॅन्सार्ड छप्पर दिसलं की अठरावं शतक आठवतं, पण १९०० च्या सुमारास ती तऱ्हा पुन्हा रूढ झाली होती. म्हणून माळ्यावर चढल्याशिवाय काळ ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

माळ्यावर तुळया जिथे जुळतात तिथे टॉर्च तिरका धरा. सुताराने पटाशीने कोरलेल्या, रोमन आकड्यांसारख्या खुणा उमटतील. सांगाडा आधी जमिनीवर जुळवत, जोडांवर क्रमांक घालत, मग सुटा करून वर चढवत. क्रमांक ओळीने लागले तर छप्पर बहुतेक मूळचं. मधेच बिनखुणेची, करवतीने कापलेली गुळगुळीत तुळई आली तर तिथे दुरुस्ती झाली असणार. एखाद्या तुळईत रिकाम्या खाचा असतील तर ती आधीच्या एखाद्या इमारतीतून आलेली असू शकते. मला या खुणांपुढे दर्शनी भागातलं घराण्याचं चिन्हसुद्धा फिकं वाटतं.

खाली दिवाणखान्यात नक्षीदार छताला मधेच छेदणारी पातळ भिंत दिसली तर नाक मुरडू नका. १९४५ मध्ये सोव्हिएत अमलाखालच्या भागात १०० हेक्टरांवरच्या जमीनदारांची मालमत्ता भरपाईशिवाय गेली आणि वाड्यांत पूर्वेकडून आलेली निर्वासित कुटुंबं राहू लागली. पुढे तिथे बालवाड्या, सहकारी शेतीच्या कचेऱ्या आल्या. त्या वापरामुळेच कित्येक छपरं टिकली. जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क १८१५ मध्ये जन्मला तो श्योनहाउझेनचा वाडा मात्र १९५८ मध्ये सुरुंग लावून पाडला.

पहिल्यांदाच जात असाल तर पोट्सडामजवळचा पारेत्झचा वाडा निवडा. वास्तुकार डाविड गिलीने १७९७ मध्ये प्रशियाचा युवराज फ्रीडरिश विल्हेल्म आणि त्याची पत्नी लुइझ यांच्यासाठी तो बांधायला घेतला. १९४७ मध्ये उतरवून ठेवलेले तिथले रंगीत कागदी वॉलपेपर आता पुन्हा भिंतींवर आहेत. पानाफुलांजवळ जाऊन सावकाश पाहा.

खाजगी वाड्यांत मात्र विचारल्याशिवाय शिरू नका. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी देशभर जुन्या वास्तू लोकांसाठी खुल्या ठेवतात. त्या दिवशी मालक भेटले तर माळा दाखवाल का, हे जरूर विचारा.