वादकांच्या संघटनेचे दफ्तर कसे सांभाळावे

दशावतारी नाटकात पायपेटी वाजवणारे, डबलबारीच्या भजनात पखवाजावर बसणारे, खालूबाजातील सनईवाले आणि ढोलवाले, लग्नसराईत बेंजो पथकात किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणारे अशा सर्वांची एक संघटना असावी असे ठरले, की पहिल्या बैठकीत अध्यक्ष कोण यावर बराच वेळ जातो आणि चिटणीसपद बहुधा ज्याचे अक्षर बरे आहे त्याच्याकडे येते. हे मार्गदर्शन त्या व्यक्तीसाठी लिहिले आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील वादकांच्या संघटनेचे दफ्तर मी 12 वर्षे सांभाळले आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले, ते आरंभीच सांगतो. वेंगुर्ल्यात एका नाईटसाठी पखवाजवादकाला किती बिदागी मिळते, हे गुहागरच्या पखवाजवादकाला सुपारी घेण्याआधी कळवणे हे आपल्या कार्यालयाचे पहिले काम आहे. नोंदवह्या, सभा, ठराव आणि पत्रव्यवहार हे सारे त्या कामाच्या आधाराला असते.

या बाबतीत अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या वादकांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील वादकांची मोठी कामगार संघटना, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स, 1896 मध्ये स्थापन झाली. तरीही 1960 च्या सुमारास अनेक सिंफनी वाद्यवृंदांतील वादकांना स्वतःच्या करारावर मत देण्याचा अधिकार नव्हता आणि शेजारच्या शहरातील वाद्यवृंदात काय वेतन आहे हे कळण्याची नियमित सोयही नव्हती. या अडचणीतून 1962 मध्ये इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑफ सिम्फनी अँड ऑपेरा म्युझिशियन्स ही संघटना उभी राहिली आणि पुढे ती त्या फेडरेशनचाच एक भाग झाली. प्रत्येक वाद्यवृंदातील वादक आपला एक प्रतिनिधी निवडतात, हे प्रतिनिधी वर्षातून एकदा उन्हाळ्यात परिषदेसाठी जमतात आणि एरवी प्रत्येक नव्या कराराची माहिती एकमेकांपर्यंत पोहोचत राहते. त्यांच्या वार्तापत्राचे नाव ‘सेन्झा सॉर्डिनो’ असे आहे. वाद्याचा आवाज दाबणारे साधन न लावता वाजवावे, अशी ती स्वरलिपीतील इटालियन सूचना आहे. मला या रचनेत सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती प्रतिनिधीची. कार्यालय कितीही चांगले असले, तरी प्रत्येक ठिकाणी माहिती देणारा आणि घेणारा एक जबाबदार माणूस नसेल तर ते कार्यालय आंधळे असते.

ही रचना कोकणात जशीच्या तशी उतरवता येत नाही, कारण अमेरिकेतील वादक एका वाद्यवृंदाच्या नोकरीत असतो आणि आपला वादक कार्तिकात नाटक कंपनीत, फाल्गुनात शिमग्याच्या पालखीबरोबर, वैशाखात लग्नाच्या मांडवात आणि भाद्रपदात गणपतीच्या भजनाला वाजवतो. म्हणून प्रतिनिधी कंपनीनिहाय न नेमता तालुका आणि वाद्यप्रकार पाहून नेमावा. सावंतवाडी, कुडाळ आणि वेंगुर्ला या दशावताराच्या भागात पेटी, पखवाज आणि झांज यांसाठी वेगवेगळे प्रतिनिधी ठेवणे शक्य असते. जेथे वादक थोडे तेथे एकाच व्यक्तीने सर्व वाद्यांची माहिती द्यावी. कंपनीचा मालक स्वतः वाद्य वाजवत असला, तरी त्याला प्रतिनिधी करू नये. मोबदला देणारा आणि मोबदल्याची माहिती गोळा करणारा एकच असला, की वादक मोकळेपणाने बोलत नाहीत.

नोंदणी

नाटक कंपनीकडून किंवा पथकाच्या मालकाकडून नाईटवर पैसे घेणारे वादक संघटनेत बहुसंख्य असतील, तर कामगार संघटना म्हणून नोंदणीचा विचार करावा. 1926 च्या कामगार संघटना अधिनियमाची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, 2020 हिने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील नमुने उतरवून अर्ज करू नये. अर्जावर किमान 7 सभासदांच्या सह्या लागतात आणि संबंधित आस्थापनेतील किंवा उद्योगातील 10 टक्के किंवा 100 कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असावे लागतात. हौशी भजनी मंडळांचा भरणा अधिक असेल, तर 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था स्थापून सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करणे सोयीचे पडते. तेथेही किमान 7 व्यक्ती लागतात. दोन्ही प्रकारांत संघटनेची घटना लिहावी लागते. ती लिहिताना सभासद कोणाला करून घ्यायचे हे कलम सर्वांत काळजीपूर्वक लिहावे, कारण पुढचे बहुतेक वाद त्याच कलमावरून उभे राहतात.

सभासद नोंदवही

नोंदवहीत सभासदाचे नाव, गाव आणि वाडी, वाद्य, दूरध्वनी क्रमांक आणि वारस यांचे रकाने सर्वच ठेवतात. त्यांत आणखी दोन रकाने आवर्जून ठेवावेत. एक, कोणत्या वर्षापासून वाजवतो. आणि दुसरा, आजवर कोणकोणत्या कंपन्यांत किंवा मंडळांत वाजवले, सालांसह. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत पात्र कलावंताला दरमहा 5000 रुपये मिळतात. त्यासाठी वयाची पन्नाशी पूर्ण झालेली असावी लागते आणि कलेच्या क्षेत्रातील 15 वर्षांच्या कामाचा पुरावा द्यावा लागतो. आयुष्यभर जत्रांमध्ये रात्री जागवलेल्या वादकाकडे असा पुरावा सहसा नसतो. आमच्याकडे आलेल्या एका मृदंगवादकाकडे तर एका जुन्या हस्तपत्रिकेखेरीज काहीही नव्हते आणि तीवरही त्याचे नाव नव्हते, केवळ ‘मृदंगसाथ’ असे छापलेले होते. आम्ही त्याच्याबरोबर वाजवलेल्या तिघांची लेखी निवेदने घेतली, सालवार यादी केली आणि ती अर्जाला जोडली. तेव्हापासून प्रत्येक हंगामाच्या शेवटी प्रतिनिधीकडून त्या वर्षीच्या कामाची नोंद मागवून ती सभासदाच्या पानावर चढवण्याचा आमचा शिरस्ता आहे. हस्तपत्रिकेवर साथीदारांची नावे छापावीत, ही मागणीही प्रत्येक मंडळाकडे लेखी करावी. तिला खर्च काहीच येत नाही.

याच वेळी ई-श्रम नोंदणीही करून घ्यावी. असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्या 16 ते 59 वर्षे वयाच्या व्यक्तीला ती करता येते आणि 12 अंकी क्रमांक मिळतो. तो नोंदवहीत त्याच पानावर लिहावा. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या सभासदांची यादी काढून त्यांचे काम आधी उरकावे.

नोंदवही कोठे आणि कशी ठेवावी, हा प्रश्न कोकणात किरकोळ नाही. 22 जुलै 2021 रोजी चिपळूणला आलेल्या पुरात आमच्या एका शाखेची लोखंडी पेटी दोन दिवस पाण्यात होती. पेटी उघडली तेव्हा पावतीपुस्तकांचे गठ्ठे विटेसारखे घट्ट झाले होते आणि पाने सोडवू लागताच फाटत होती. जेल पेनाने लिहिलेल्या नोंदींचा निळा ओघळ तेवढा उरला होता. साध्या बॉलपेनाने लिहिलेली पाने मात्र सावलीत दोरीवर वाळवल्यावर बहुतांशी वाचता आली. त्यानंतर आम्ही नियम केला की कायम नोंदी बॉलपेनानेच लिहायच्या, प्रत्येक पानाचे छायाचित्र मार्च आणि सप्टेंबर अशा दोन वेळा काढायचे आणि त्याची एक प्रत दुसऱ्या तालुक्यातील पदाधिकाऱ्याकडे ठेवायची. पूर नसला तरी पावसाळ्यात दमट हवेने कागदाला बुरशी आणि कसर लागतेच. दफ्तर भिंतीला टेकवून ठेवू नये, फळीवर उंच ठेवावे आणि ऊन पडेल त्या दिवशी वह्या उघडून वारा द्यावा.

दरपत्रक

आता मुख्य कामाकडे येतो. बिदागीची माहिती वर्षातून दोनदा गोळा करावी. दशावताराचा हंगाम कार्तिकात जत्रांबरोबर सुरू होतो आणि कंपन्यांची जुळवाजुळव त्याआधी होते, म्हणून पहिली माहिती गणपती आटोपताच, भाद्रपदाच्या अखेरीस मागवावी. लग्नसराईसाठी दुसरी मकरसंक्रांतीच्या सुमारास मागवावी. प्रतिनिधीला कोरा कागद देऊन ‘तुमच्याकडचे दर कळवा’ असे सांगितले तर काहीही हाती लागत नाही, हा माझा अनुभव आहे. प्रश्न नेमके असावेत. एका नाईटची बिदागी किती, विसार किती आणि केव्हा मिळतो, प्रवासाचा खर्च कोणाकडे, जेवण आणि झोपण्याची सोय कोण करतो, वाद्य वाहून नेण्याची मजुरी कोण देतो, प्रयोग पावसाने किंवा अन्य कारणाने थांबला तर काय मिळते, हे सर्व वेगवेगळे विचारावे. बिदागीचा आकडा मोठा दिसतो आणि प्रवास व वाद्याची वाहतूक वजा जाता हाती कमी उरते, असे पुष्कळदा घडते. पायपेटी रिक्षातून नेणाऱ्याला आणि झांज पिशवीत घालून नेणाऱ्याला सारखा प्रवासभत्ता देणे न्याय्य नाही.

वाद्याच्या झिजेचा प्रश्नही याच तक्त्यात यावा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पेटीतील सुरांच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि सूर उतरतो. पखवाजाची पुडी दमट हवेत सैल पडते आणि लवकर बदलावी लागते. वाद्य वादकाचे असेल तर हा खर्च त्याच्या खिशातून जातो, आणि तो बिदागीत धरलेला आहे की नाही हे कोणी विचारत नाही. दुरुस्तीच्या पावत्या वर्षभर जपून ठेवण्यास सभासदांना सांगावे. मालकाशी बोलणी करताना या पावत्यांचा जितका उपयोग होतो, तितका कोणत्याही भाषणाचा होत नाही.

तक्ता तयार करताना वादकाचे नाव कोठेही येऊ देऊ नये. तालुका, वाद्य, कार्यक्रमाचा प्रकार, सर्वांत कमी बिदागी, सर्वांत अधिक बिदागी आणि किती जणांनी माहिती दिली, इतकेच छापावे. ज्या तालुक्यातून एकाच वादकाची माहिती आली असेल, ती शेजारच्या तालुक्याच्या आकड्यांत मिसळून द्यावी, नाहीतर आकडा कोणाचा हे गावात लगेच ओळखले जाते. हंगामाच्या तोंडावर हा एक पानी तक्ता प्रत्येक सभासदाच्या हातात पडला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा, पण छापील प्रतही द्यावी, कारण सुपारी ठरवताना खिशातून काढून दाखवायला कागदच बरा पडतो.

पैसे आणि सभा

वर्गणी पावतीशिवाय घेऊ नये आणि कोणाचीही, अध्यक्षांचीसुद्धा, मागाहून पावती फाडू नये. रोजकीर्द त्याच दिवशी लिहावी. आजारपण आणि काम बुडाल्यास मदत यांसाठी वेगळा निधी असावा आणि त्याचे बँक खातेही वेगळे असावे. एकाच खात्यात पैसे ठेवले तर कार्यालयाचे भाडे थकलेल्या महिन्यात मदतीचे पैसे नकळत भाड्याला जातात.

वार्षिक सर्वसाधारण सभा नागपंचमी आणि नारळी पौर्णिमा यांच्या दरम्यान ठेवावी. तोवर भाताची लावणी आटोपलेली असते, चाकरमानी अजून यायचे असतात आणि मार्चअखेरचे हिशेब तपासून तयार झालेले असतात. जागा रेल्वे स्थानकाजवळची असावी. दोन्ही जिल्ह्यांतील लोकांना ती बरी पडते. इतिवृत्त लिहिताना ‘बिदागीबाबत साधकबाधक चर्चा झाली’ अशी वाक्ये टाळावीत, कारण वर्षभराने त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘कुडाळ तालुक्यात पायपेटीवादकाला बिदागीखेरीज वाद्यवाहतुकीचा खर्च मिळावा, असा ठराव मांडण्यात आला, बाजूने 31, विरुद्ध 4, ठराव संमत’ असे लिहावे आणि त्याखाली सूचक व अनुमोदक यांची नावे द्यावीत. विरोधी मत देणाऱ्याने कारण सांगितले असेल तर तेही एका वाक्यात नोंदवावे. पुढच्या वर्षी बहुधा तेच कारण पुन्हा पुढे येते आणि त्याचे उत्तर तयार ठेवता येते.

तक्रार आल्यावर

बिदागी बुडाल्याची तक्रार बहुधा तोंडी येते आणि रागात येते. चिटणिसाने शांतपणे ऐकून घ्यावे आणि त्याच वेळी तारीख, गाव, सुपारी कोणी ठरवली, विसार किती मिळाला, प्रयोग किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपला, बाकी किती आणि ती केव्हा देतो असे सांगितले होते, हे लिहून तक्रारदाराची सही घ्यावी. प्रयोग मध्येच थांबला असेल तर कारण नेमके लिहावे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे आणि शासनाने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच त्यात मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. त्यामुळे परवानगी कोणी काढायची होती, हा प्रश्न अशा तक्रारीत हमखास निघतो. सुपारी ठरतानाच लेखी नोंदीत ‘परवानगी आयोजकांनी काढावी; कार्यक्रम थांबल्यास बिदागी पूर्ण द्यावी’ हे वाक्य घालण्याची सवय सभासदांना लावावी.

मालकाला किंवा आयोजकांना पहिले पत्र सौम्य भाषेत लिहावे, त्यात फक्त तपशील आणि देय रक्कम असावी, आणि 15 दिवसांची मुदत द्यावी. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच आवक-जावक नोंदवहीत चिकटवावी. अनेक प्रकरणे या पत्रानेच मिटतात, कारण आयोजकांकडेही हिशेब लिहिलेला नसतो आणि समोर नीट लिहिलेला कागद आला की बोलणे त्या कागदावरूनच होते. रक्कम मिळाल्यावर तिची पावती तक्रारदाराकडून घ्यावी, प्रत आयोजकांना द्यावी आणि सभासदाच्या पानावर त्या तारखेसह ‘तक्रार निकाली’ अशी नोंद करून तो रकाना बंद करावा.